शून्य रुपयाचं तिकीट मागून घे

मला आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी मुलगी सतरा वर्षांची, खानापूर तालुक्यात जांबोटी भागातल्या एका खेड्यातली, बेळगावात सेकंड पीयू कॉमर्सला, म्हणजे बारावीला. सकाळी कॉलेजला वेळेत पोचवणारी गाडी एकच, ती मागच्या गावांतनंच भरून येते आणि आठवड्यातनं दोन-तीनदा यांच्या स्टॉपवर थांबतच नाही. मग वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी गाडी, नाहीतर पुढची बस, पहिला तास बुडतो. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली चाललीय, सरांनी घरच्यांना घेऊन यायला सांगितलंय. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत अंधार पडतो. कंडक्टर म्हणतो, "फुकटात येता, वर सीट पण पाहिजे?" कन्नड नीट बोलता येत नाही म्हणून ती गप्प बसते, आणि आपण मराठी म्हणूनच गाडी थांबवत नाहीत असं गावात सगळे म्हणतात. घरात तीन मतं आहेत. बाबा म्हणतात सेकंडहँड स्कूटी घेऊ. आजी म्हणते मुलीला इतकं लांब कशाला, बंद करा. बेळगावातच शहापूरला राहणारी मावशी म्हणते माझ्याकडे ये, पण तिच्या दोन खोल्यांत आधीच पाच माणसं. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: "गर्दीत बाकी जे होतं ते लिहीत नाही. घरी सांगितलं तर कॉलेजच बंद होईल. माझंच चुकतंय का, मला जमत नाही असं समजून सोडून देऊ का?"

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही, तुझं चुकत नाहीये. पण पत्र परत परत वाचल्यावर मला असं वाटलं की तू सगळ्याचं एकच गाठोडं करून डोक्यावर घेतलंयस, गाडी थांबत नाही तेही माझंच, हजेरी गेली तेही माझंच, कंडक्टर बोलतो तेही माझंच. यातलं तुझं काय आणि त्या फेरीचं काय हे वेगळं केलं तर निम्मं तरी ओझं उतरेल. गाडी भरून येते आणि न थांबता जाते हा त्या फेरीचा प्रश्न आहे. त्या स्टॉपवर तुझ्याबरोबर उभी राहणारी जेवढी पोरं आहेत तेवढ्यांचा आहे, पुढच्या दोन-तीन गावांचा आहे.

आता ते "फुकटात येता". मला वाटतं तू गप्प बसतेस त्याचं खरं कारण कन्नड नव्हे, हे वाक्य आहे. तुला आतून कुठंतरी पटलंय की पैसे देत नाही तर बोलायचा हक्क पण नाही. तर बघ, शक्ती योजना ११ जून २०२३ ला सुरू झाली. कर्नाटकात राहणाऱ्या बायका-मुलींना राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी गाड्यांतनं तिकिटाचे पैसे द्यावे लागत नाहीत, पण म्हणून तुझा प्रवास कुणी धर्मादाय म्हणून करून देत नाही. कंडक्टर मशीनमधनं जे शून्य रुपयाचं तिकीट काढतो त्याची नोंद होते आणि त्या नोंदीवरनं सरकार परिवहन महामंडळाला पैसे भरून देतं. म्हणजे तुझं भाडं दिलं जातंच, फक्त तुझ्या पर्समधनं नाही, आणि तो पैसा तुझ्या बाबांनी खताच्या पोत्यावर, डिझेलवर, साबणावर भरलेल्या टॅक्समधनंच आलेला असतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की, तिकीट मागून घे, रोज, दोन्ही वेळेला. हे मी सहज म्हणत नाहीये. गर्दीत काय होतं, कंडक्टर मागपर्यंत पोचत नाही, आणि पोरी पण म्हणतात शून्याचंच तर आहे, नाही घेतलं म्हणून काय बिघडतं. बिघडतं. तिकीट निघालं नाही तर कागदावर तू त्या गाडीत नसतेसच. चाळीस पोरी उभ्या राहून आल्या आणि वीसच तिकिटं निघाली तर डेपोच्या हिशेबात वीसच जणी आल्या, आणि उद्या तुम्ही जादा फेरी मागायला गेलात की साहेब पहिल्यांदा मशीनचा आकडा बघणार. तुमच्या स्टॉपवरच्या सगळ्या मुलींनी आणि सगळ्या बायकांनी, बाजाराला जाणाऱ्या, आरोग्य केंद्रात जाणाऱ्या, सगळ्यांनी तिकीट मागून घ्यायचं असं ठरवा. कर्नाटकातला पत्ता असलेलं आधार कार्ड जवळ ठेव, म्हणजे तिथं वाद नको. आणि कंडक्टर परत तसं बोलला तर उलट भांडायची गरज नाही, "तिकीट द्या" एवढंच म्हण आणि हात पुढं कर.

भाषेचं जे लिहिलंयस त्यावर मी जरा थांबते, कारण इथं आपल्या भागात हे दुखणं खरं आहे आणि मी ते खोटं ठरवणार नाही. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गाडीतल्याच भाषेच्या वादावरनं दोन्ही राज्यांच्या गाड्या काही दिवस बंद पडल्या होत्या तेव्हा कुणाचे हाल झाले, तर तुमच्यासारख्या पोरांचेच झाले. पाट्यांवर मराठी पाहिजे, कागदपत्रं मराठीत मिळाली पाहिजेत, हे मागणं रास्तच आहे. पण तुमच्या स्टॉपवर गाडी न थांबायचं कारण तेच आहे का, हे एकदा नीट तपासून बघ. बैलहोंगल, सौंदत्तीकडच्या कन्नड खेड्यांतली पोरं पण दाराला लटकूनच कॉलेज गाठतात. तिकडं ना भाषेचा वाद आहे ना सीमेचा. गाड्या कमी, फेऱ्यांचा वेळ घट्ट, ड्रायव्हरला ठरल्या टायमात स्टँड गाठायचं, आणि गाडी खच्चून भरलेली. गावानं "मराठी म्हणून" असं म्हटलं की राग बाहेर पडतो पण काम तिथंच थांबतं, कारण मग गाडीचा टाइम बदला, फेरी मागच्या गावातनं सोडा असलं साधं मागणं कुणी घेऊन जातच नाही.

आणि कन्नडचं म्हणशील तर शाळेत तुला विषय होताच की. भाषण द्यायचं नाहीये. "इल्ली निल्लस्री" (इथं थांबवा), "टिकेट कोडरी" (तिकीट द्या) एवढं मोठ्यानं आणि न घाबरता म्हणता आलं तरी सकाळचं काम चालतं. ड्रायव्हर-कंडक्टर बहुतेक वेळा लांबच्या गावातनं ड्युटीला आलेले असतात, रोज तीच पोरं बघतात, नावानं ओळखायला लागले की वागणं बदलतं, हे मी कित्येक गावांत बघितलंय. आपली भाषा सोड असं कोण म्हणतंय? आपलं काम करून घ्यायला दोन वाक्यं जास्त येणं तुझ्याच फायद्याचं.

आता ती ओळ. "गर्दीत बाकी जे होतं ते लिहीत नाही." तू नाही लिहिलंस तरी मला कळलं, आणि हे वाचणाऱ्या कितीतरी जणींना कळलं असणार. बाळा, त्याची लाज तुझी नाही. तू सतरा वर्षांची आहेस, म्हणजे कायद्यानं अजून बालक, आणि २०१२ चा पोक्सो कायदा अठराच्या आतल्या सगळ्यांना लागू आहे, गर्दीत मुद्दाम अंगाला हात लावणं हा गुन्हा आहे, "गर्दीत होतंच" म्हणून सोडायची गोष्ट नाही. गाडीत चढल्यावर पुढच्या बाजूला, बायकांच्या घोळक्यात उभी रहा, सॅक पाठीवर न ठेवता पुढं घे, आणि तसं काही झालं की खाली मान घालून सरकू नको, मोठ्यानं बोल, "बाजूला व्हा", मराठीत बोल, कन्नडमध्ये बोल, सगळ्या गाडीला ऐकू गेलं पाहिजे. असल्या माणसाला चार डोळे वळलेले चालत नाहीत. माणूस तोच तोच असेल तर कंडक्टरला दाखवून दे, गाडी पोलीस ठाण्याजवळ थांबवा असं तू किंवा दुसरं कोणीही प्रवासी म्हणू शकतं. ११२ हा पोलिसांचा नंबर, १०९८ मुलांसाठीचा, १८१ महिलांसाठीचा, तिन्ही मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करून ठेव.

आणि आईला सांग. मला माहीत आहे तुला कशाची भीती वाटते, आणि ती भीती उगीच नाही, आपल्याकडे अजून असंच होतं, पोरानं त्रास दिला की पोरीचं शिक्षण थांबतं. पण तू एकटीनं झाकून ठेवलंस तर घरच्यांना तुझी हजेरी का घसरली, तू संध्याकाळी चिडचिडी का असतेस, याचा अर्थच लागत नाही, मग आजीला वाटतं पोरीला अभ्यास झेपत नाही. रडत रडत सांगितलंस की घरचे घाबरतात आणि घाबरलेला माणूस पटकन दार लावून घेतो. म्हणून सांगताना पुढं काय करायचं तेही बरोबरच सांग. "आई, गाडीत एक माणूस त्रास देतो, मी आणि शेजारची अमकी आम्ही रोज एकत्र चढतो, कंडक्टरला सांगितलंय, तू एक दिवस माझ्याबरोबर स्टॉपवर ये." आई एकदा स्टॉपवर येऊन उभी राहिली तरी खूप फरक पडतो. तुझ्या घरी आईपेक्षा मावशीला सांगणं सोपं वाटत असेल तर आधी मावशीला सांग, ती आईला सांगेल. पण कुणातरी मोठ्या माणसाला या आठवड्यात कळलं पाहिजे, यात मी सूट देणार नाही.

स्कूटीचं. बाबांना तुझी काळजी आहे म्हणूनच ते म्हणतायत, पण नको. सतराव्या वर्षी लायसन मिळतं ते फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं, आणि बाजारात ज्या स्कूटी मिळतात त्या जवळजवळ सगळ्या त्याच्या वरच्या. २०१९ मध्ये कायदा बदलल्यापासून अठराच्या आतल्या मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, गाडीचं रजिस्ट्रेशन वर्षभरासाठी जातं आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. हे बाबांना नीट सांग. शिवाय तो रस्ता, तो पाऊस, अंधारात आडवे येणारे गवे, हे तुला मी काय सांगायचं, तू रोज बघतेस. अठरा पूर्ण झाल्यावर, लायसन काढून, परत विचार करता येईल.

कॉलेज सोडणं किंवा मधेच बदलणं, यावर माझं मत स्पष्ट आहे. सेकंड पीयूच्या वर्षात मधे बदलू नको. खानापूरला पुढं डिग्रीसाठी जायचं का, तो विचार निकालानंतर कर, तो काही कमीपणाचा नाही, जवळचं कॉलेज असणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण गाडी थांबत नाही म्हणून कॉमर्स सोडलं असं नको. आजीशी भांडू नको मात्र. तिला भीती अंधाराची आहे, शिक्षणाची नाही, अंधाराचं काहीतरी केलं की तिचा आवाज खाली येईल.

मावशीचं घर मला अर्धं पटतं. वर्षभर नको, पाच माणसांत सहावं म्हणजे मावशीवरही ताण आणि तुझाही अभ्यास होणार नाही. पण परीक्षा मार्चच्या आसपास असते, त्याच्या आधीचे दीड-दोन महिने, प्रॅक्टिस पेपर चालू असतात तेव्हा, सोमवार ते शुक्रवार तिथं राहायचं आणि शनिवारी घरी यायचं, असं ठरवून बघा. आईनं तांदूळ, काजू, घरचं काय असेल ते पाठवावं, तू सकाळी मावशीच्या हाताखाली काम करावं, नाती टिकतात. आणि पुढच्या वर्षासाठी आत्तापासनं हॉस्टेलची चौकशी कर. मागासवर्गीय कल्याण खात्याची, म्हणजे आपण ज्यांना बीसीएम हॉस्टेल म्हणतो ती, दहावीनंतरच्या मुलींसाठी वेगळी असतात, अर्ज ऑनलाइन. मराठा समाज कर्नाटकात ३बी मध्ये येतो, त्यामुळे उत्पन्नाची अट बसत असेल तर आपल्या कितीतरी मुलींना अर्ज करता येतो पण त्या करतच नाहीत, कारण आपल्याला मिळतं हेच घरात माहीत नसतं. हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नाही तर विद्यासिरी म्हणून योजना आहे, राहण्या-जेवणासाठी दर महिन्याला पैसे मिळतात, वर्षातले दहा महिने. जात आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतनं, म्हणजे महसूल खात्याच्या ऑफिसातनं, आधी काढून ठेव, शेवटच्या आठवड्यात तिथं रांग लागते.

हजेरीचं उद्याच करायचं. सरांनी बोलवायची वाट न बघता आई किंवा बाबांना घेऊन जा आणि तोंडी न सांगता एक अर्ज लिहून दे, कुठल्या तारखांना गाडी थांबली नाही, किती वाजता पोचलीस. पुढचे सगळे दिवस भरायचे असं ठरव, दुखलं-खुपलं सोडून सुट्टी नाही, आणि जो पहिला तास बुडतो त्या विषयाच्या नोट्स कुणाकडनं रोजच्या रोज घ्यायच्या ते ठरवून टाक. आणि सरांना एक विनंती कर जी बहुतेक पोरं करत नाहीत. त्या फेरीनं येणाऱ्या सगळ्या विद्यार्थ्यांची गाववार यादी कॉलेजच्या लेटरहेडवर द्या म्हणून. कॉलेजलाही उशिरा येणाऱ्या पोरांचा वैताग असतोच, ते देतील.

आता ती यादी कशाला ते सांगते, कारण खरं काम इथनं सुरू होतं आणि हे वाचणाऱ्या कडोली, उचगाव, बेळगुंदी, नंदगड, गुंजी, कुठल्याही गावच्या पोरांनी हे करावं असं मला मनापासनं वाटतं. आपल्याकडे गाडीसाठी काय होतं, तर एक दिवस डोकं फिरतं, रस्ता रोको होतो, पेपरात फोटो येतो, चार दिवस गाडी थांबते, परत होतं तसं. चौघीजणी मिळून एक वही करा. पंधरा दिवस फक्त तारीख, गाडी किती वाजता आली, थांबली की नाही, गाडीचा नंबर, आणि स्टॉपवर किती जण उभे होते, एवढं लिहायचं. जमलं तर मोबाईलवर फोटो. मग मागणी एकच करा, आणि नेमकी करा. "जादा बस सोडा" असा अर्ज दिला की तो फायलीत जातो. त्यापेक्षा सकाळची फेरी पंधरा मिनिटं आधी सोडा, किंवा दोन दिवसांआड तरी ती मागच्या मोठ्या गावाऐवजी आमच्या गावातनं सोडा, किंवा रात्री वस्तीला गाडी द्या.

वस्तीच्या गाडीचं विशेष सांगते. गाडी रात्री गावात मुक्कामाला राहिली की सकाळी ती तुमच्या गावातनं रिकामी निघते आणि संध्याकाळी शेवटची फेरी तुमच्याच गावाला येते, म्हणजे तुझी सकाळ आणि आजीचा अंधार, दोन्ही सुटतं. पण ड्रायव्हर-कंडक्टरला झोपायला बरी खोली, पाणी, संडास, लाइट पाहिजे. ही सोय नसली तर डेपो कशाला मुक्कामाला गाडी पाठवेल, कर्मचारी राहायचे कुठं? पंचायतीनं एक खोली द्यायचा ठराव करून तोच अर्जाला जोडला तर अर्जाचं वजन बदलतं. म्हणून ग्रामसभेत हे बोला. बाबांना बोलायला लावा, पण तुम्ही पोरीही जा आणि वही दाखवा.

अर्ज ज्या डेपोची गाडी आहे त्या डेपो मॅनेजरला, आणि प्रत बेळगावला विभागीय नियंत्रकांना, कलेक्टरसारखं त्यांनाही लोक डीसीच म्हणतात म्हणून कलेक्टर ऑफिसच्या रांगेत जाऊन उभे राहू नका. सोबत वहीची झेरॉक्स, कॉलेजची यादी, पंचायतीचा ठराव. मराठीत अर्ज द्या, सोबत कन्नड प्रत जोडा, शाळेतले कन्नडचे सर लिहून देतील, म्हणजे भाषांतराच्या नावाखाली कागद पडून राहणार नाही. पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली, पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. एक प्रत आमदारांच्या ऑफिसला. महिनाभर काही हललं नाही तर बाबांच्या नावानं माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारा की या फेरीची मंजूर वेळ काय, कुठले स्टॉप मंजूर आहेत, आणि गेल्या तीन महिन्यांत ही फेरी किती दिवस रद्द झाली. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तुमचा स्टॉप मंजूर यादीत आहे असं लेखी आलं की मग न थांबणाऱ्या गाडीची तक्रार करणं अगदी सोपं होतं. स्टॉप यादीत नसेल तर आधी तो मंजूर करून घ्या, कारण तोपर्यंत ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही.

मुलांसाठी दोन शब्द, तेही वाचत असतात. तुम्हाला शक्ती नाही, पास काढावा लागतो, अर्ज सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर होतो, कॉलेज सुरू झाल्या झाल्या करा, कारण जानेवारी २०२५ मध्ये तिकीट १५ टक्के वाढल्यापासून रोज रोख तिकीट काढणं घरच्यांना परवडत नाही. "पोरींमुळं गर्दी झाली" हे म्हणणं सोडा, त्यांच्याबरोबर त्याच अर्जावर सही करा. आणि फुटबोर्डवर उभं राहायचं नाही, मोटार वाहन कायद्यातही ते बंद आहे आणि वळणावर हात सुटला की काय होतं हे आपल्या तालुक्यांनी बघितलंय. देसूर, इदलहोंड, गुंजी, लोंढा या बाजूची पोरं रेल्वेचं सीझन तिकीट एकदा विचारून बघा, पॅसेंजरचा टाइम जुळत असेल तर.

चंदगड भागातनं, शिनोळीकडनं बेळगावात शिकायला येणाऱ्या मुलींची पण पत्रं आली आहेत. तुमचं आधार महाराष्ट्राचं, त्यामुळं शक्ती तुम्हाला लागू नाही, बाचीपर्यंत चालत येऊन इकडची गाडी पकडली तरी नाही. एसटीतली महिलांची निम्म्या तिकिटाची सवलत १७ मार्च २०२३ पासून आहे, पण ती महाराष्ट्राच्या हद्दीपुरती, पुढचं तिकीट पूर्ण. हे कंडक्टरच्या मनात नाही, नियमात आहे, त्यामुळं गाडीत वाद घालण्यापेक्षा तुमच्या आमदारांकडं मागणी न्या, की सीमेपलीकडच्या कॉलेजपर्यंत विद्यार्थिनींना सवलत धरावी.

तुला परत सांगते, या आठवड्यात तीनच कामं. आईला किंवा मावशीला सांगणं, सरांना लेखी अर्ज देणं, आणि वहीचं पहिलं पान. बाकीचं गावातल्या मोठ्यांवर सोपव, सगळं तुलाच करायचं नाहीये, तुला परीक्षा आहे. पंधरा दिवसांची वही झाली की त्याचे फोटो मला पाठव, अर्ज कसा मांडायचा ते आपण दोघी मिळून बघू.